वाचकांचे प्रश्न : घराचे साहित्य स्वतः आणताना

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून गावी आठशे चौरस फुटांचे आरसीसी घर बांधायला घेतले आहे. मिस्त्रींना फक्त मजुरीवर काम दिले असून सर्व साहित्य मीच आणणार आहे. पावसाळ्यानंतर भाव वाढतील, म्हणून सिमेंट आताच एकदम उचलावे आणि पक्के बिल न घेतल्यास आणखी सवलत मिळेल, असे दुकानदार सुचवतात. तसे करावे का? सळई आणि वाळू यांत बचत कशी साधावी? – एक वाचक, जि. सातारा

उत्तर : सिमेंट एकदम उचलू नये. आपल्या घराला ढोबळ मानाने तीनशेच्या आसपास पोती लागतील आणि काम पाच-सहा महिने तरी चालेल. म्हणजे गिलाव्याची वेळ येईपर्यंत निम्मी पोती तशीच पडून राहतील. चांगल्या कोरड्या खोलीत ठेवलेल्या सिमेंटचीसुद्धा ताकद तीन महिन्यांत साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते, आणि ओल लागल्यास त्याहून अधिक. भाववाढीच्या भीतीने वाचवलेले पैसे मग गिलाव्याला पडणाऱ्या भेगांच्या दुरुस्तीत जातात. पंधरा दिवसांच्या कामापुरती पोती मागवावीत, पोत्यावर छापलेला उत्पादनाचा आठवडा व वर्ष पाहून घ्यावे, जमिनीपासून उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर थप्पी लावावी, आणि ती दहा पोत्यांहून उंच करू नये. भावाचेच म्हणाल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. दुकानदारांच्या दरात तो फरक उतरला आहे का, हे जरूर विचारावे. बिलाशिवाय खरेदी मात्र करू नये. खराब माल परत करायचा झाला किंवा बँकेच्या कर्जाचा पुढचा हप्ता मागायचा झाला, तर त्या कागदावाचून आपल्या हाती काहीच उरत नाही.

आगाऊ घेऊन ठेवण्यासारखी वस्तू म्हणजे वीट. वीटभट्ट्या दिवाळीनंतर लागतात आणि पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे भट्टी चालू असताना उन्हाळ्यात घेतलेली वीट बहुधा स्वस्त पडते आणि पडून राहिल्याने खराबही होत नाही. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत आवाज यावा, आणि गाडी उतरवून घेताना तुकड्यांचे प्रमाण पाहावे.

सळईच्या बाबतीत सर्वांत जास्त पैसा नकळत जातो. अनेक ठिकाणी सळई नगावर विकली जाते आणि प्रत्येक नगाचे वजन तक्त्यातले धरले जाते. जाडीचा (मिलिमीटरमध्ये) वर्ग करून त्याला १६२ ने भागले की एक मीटर सळईचे किलोतील वजन मिळते. या हिशोबाने १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई सुमारे १०.७ किलो भरली पाहिजे. सळईसाठीच्या आयएस १७८६ या भारतीय मानकात या जाडीला पाच टक्क्यांची तफावत चालते. ८ व १० मिलिमीटरला ती सात टक्के आहे. प्रत्यक्षात नग साडेनऊ किलोच भरला, तर तो माल मानकात बसत नाही, आणि नगावर पैसे मोजलेले असतील तर न मिळालेल्या लोखंडाचेही पैसे आपण दिलेले असतात. म्हणून भाव नेहमी किलोवर ठरवावा, गाडी वजनकाट्यावर भरून आणि रिकामी अशी दोनदा तोलून घ्यावी, आणि नंतर दोन-चार नग वेगळे तोलून पाहावेत. इंजिनिअरकडून सळईच्या कापणीचा तक्ता आधीच करून घेतला, तर बारा मीटरच्या सळईतून कोणते तुकडे निघतात हे कळते आणि उरलेले तुकडे लिंटेलमध्ये (दारे-खिडक्यांवरच्या आडव्या पट्टीत) वापरता येतात. अन्यथा तेच तुकडे भंगाराच्या भावाने विकावे लागतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. कॉलमच्या रिंगा (उभ्या सळयांना वेढणारी कडी) दूर दूर ठेवून किंवा त्यांचे हूक काटकोनात वळवून सळई वाचवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या भूकंपाने काय केले, ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. हूक १३५ अंशांत आत वळलेले असावेत आणि रिंगांचे अंतर नकाशाप्रमाणेच असावे.

वाळू किंवा क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) ब्रासवर मिळते आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. गाडी रिकामी करण्यापूर्वी टेपने आतली लांबी व रुंदी मोजावी, वरचा ढीग सपाट करून घ्यावा आणि सळई खुपसून पाच-सहा ठिकाणी खोली पाहावी. बारा फूट लांब, साडेसहा फूट रुंद आणि पावणेतीन फूट खोल भरलेल्या गाडीत २१४ घनफूट, म्हणजे दोन ब्रासहून थोडाच अधिक माल असतो. तो अडीच ब्रास म्हणून घेतला, तर पस्तीस घनफुटांचा तोटा होतो. ओली नैसर्गिक वाळू फुगते आणि तितक्याच मालाचे माप एक चतुर्थांशापर्यंत जास्त भरते, हेही ध्यानात ठेवावे. वाहतूक परवान्याशिवाय आलेली वाळू कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

काँक्रीट घमेल्यांच्या अंदाजाने न कालवता ३५ लिटरचा फर्मा (मापाचा खोका) वापरावा, कारण एका पोत्यातले सिमेंट साधारण तेवढेच भरते. अंदाजाने कालवताना कधी सिमेंट वाया जाते, कधी कमी पडते, आणि दुसरा प्रकार अधिक घातक आहे. आपल्या घराला पीपीसी (राखमिश्रित) सिमेंट पुरेसे आहे आणि बहुधा थोडे स्वस्तही पडते. मात्र त्याच्या काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी मारलेच पाहिजे आणि सेंट्रिंग (काँक्रीटखालचा तात्पुरता आधार) काढण्याची घाई करता कामा नये.

साहित्याची यादी मिस्त्रींनी द्यावी, दुकान आपण निवडावे. मिस्त्रींनी सुचवलेल्या दुकानाखेरीज आणखी दोन ठिकाणचे दर, पोहोच आणि उतराई धरून, लेखी मागवावेत.

प्रश्न : पाडलेल्या वाड्याचे सागवानी दरवाजे आणि खिडक्या विकायला आल्या आहेत. नव्या घरात बसवणे परवडेल का? – एक वाचिका, जि. नाशिक

उत्तर : जुने सागवान आजही नव्या लाकडापेक्षा सरस ठरते, तेव्हा अवश्य विचार करावा. मात्र चौकटीचा जमिनीकडील भाग टोचणीने तपासावा, कारण वाळवी आणि कुज तेथूनच सुरू होते. जुने दरवाजे पुष्कळदा बुटके असतात, म्हणून सौद्यापूर्वी उंची मोजावी. रंग खरवडणे, बिजागऱ्या बदलणे आणि सुताराची मजुरी धरून होणारा एकूण खर्च नव्या दरवाजाच्या दराशी ताडून पाहावा. भिंती उभ्या राहिल्यावर जुनी चौकट बसवायला गेल्यास तोडफोड करावी लागते; तेव्हा जोत्याचे काम चालू असतानाच चौकटी घरी आणून त्यांची मापे मिस्त्रींना द्यावीत.