आजोबांचे मित्र ‘नको’ म्हणूनही चहा का प्यायले?

प्रिय पिल्लू,

तुझा निरोप सकाळी ऑफिसला जाताना ऐकला. दिवसभर तोच मनात घोळत होता, म्हणून फोनवर दोन वाक्यांत उत्तर न देता सविस्तर लिहिते आहे. सावकाश वाच. अडलं तर मामाकडून वाचून घे.

तू म्हणालीस, काल बडोद्याला आजीच्या घरी आजोबांचे मित्र आले. आजीने चहा विचारला, ते नको म्हणाले. तिने परत विचारलं, ते परत नको म्हणाले. तिसऱ्यांदा तिने न विचारताच कप आणून ठेवला आणि त्यांनी तो आनंदाने घेतला, वर शेवही खाल्ली. आणि तुझा प्रश्न असा की मग ते आधी खोटं का बोलले? आणि आजीने त्यांचं ऐकलं का नाही? शाळेत तर तुम्हाला शिकवलंय की नाही म्हणजे नाही. मराठी माणसं खरं का बोलत नाहीत?

आधी खोट्याचं बघू. खोटं बोललं की कुणीतरी फसतं. काल कोण फसलं? आजीला ठाऊक होतं ते चहा घेणार. त्यांनाही ठाऊक होतं की आजी सोडणार नाही. त्या बैठकीत एकट्या तुलाच हे माहीत नव्हतं, कारण तू इकडे हॉलंडमध्ये, आइंडहोवेनला वाढली आहेस. पहिल्या नकाराचा अर्थ असा, की मी तुमच्याकडे खायला-प्यायला आलेलो नाही, तुम्हाला भेटायला आलोय, माझ्यासाठी उठू नका. आजीने दुसऱ्यांदा विचारलं त्याचा अर्थ असा, की तुमच्यासाठी उठण्यात मला त्रास नाही. दोघांनी एकमेकांचा मान ठेवला आणि मग चहा झाला.

ह्यामागे एक जुनं कारणही आहे, माझ्या आजीकडून ऐकलेलं. तिच्या काळी साखर रेशनवर मिळायची. दुपारी चारला घरात दूध शिल्लक असेलच असं नव्हतं. पाहुण्याने लगेच ‘हो’ म्हटलं आणि डबा रिकामा असला तर घरच्या बाईची पंचाईत. म्हणून पाहुणा आधी नको म्हणायचा. घरात असेल तर ती पुन्हा विचारील, नसेल तर विषय तिथेच संपेल आणि कुणाचीही मान खाली जाणार नाही. आता आजीच्या फ्रिजमध्ये दूध असतंच, पण रीत राहिली. मला ती आवडते. समोरच्याची अडचण त्याला बोलून दाखवावी न लागता ओळखायची, हे त्या रीतीत आहे.

आणि हे फक्त आपलंच आहे असं समजू नकोस. तुझ्या वर्गातल्या इराणी मैत्रिणीला विचार. त्यांच्याकडे ह्याला तारोफ म्हणतात आणि ते आपल्यापेक्षाही पुढे आहेत. तिथे टॅक्सीवालासुद्धा आधी म्हणतो, पैसे राहू द्या, आणि प्रवाशाने आग्रह करून द्यायचे असतात. खरंच न देता उतरायचं नसतं.

आता हॉलंडमधली गोष्ट. तुझ्या मैत्रिणीची आई एकदाच विचारते, कॉफी घेणार का? नाही म्हटलं की विषय संपला. बिस्किटांचा डबा एकदा फिरतो, एकेक घ्यायचं आणि झाकण लागतं. सहा वाजता त्यांची जेवायची वेळ झाली की तुला घरी पाठवतात. आपल्या बडोद्याच्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते म्हणतात, किती कोरडी माणसं. हे मला मुळीच पटत नाही. ती बाई तुझ्या शब्दावर विश्वास ठेवते. तू बारा वर्षांची असलीस तरी तुझं ‘नाही’ ती मोठ्या माणसाच्या ‘नाही’सारखं धरते. तोही मानच आहे, फक्त वेगळ्या जागी ठेवलेला. आणि तिथल्या वाढदिवसाला सगळे गोल बसतात, नव्याने आलेला माणूस मुलीच्या आजीचंही अभिनंदन करतो, आत्याचंही करतो. कोरड्या माणसांना हे सुचलं असतं का?

तेव्हा तिकडे तुला भूक लागली असली तर लागली म्हण. पहिल्याच विचारण्याला ‘हो’ म्हण. त्यांना त्यात काहीही वावगं वाटणार नाही.

पण ‘तिकडे तसं, इकडे असं’ एवढंच पाठ केलंस तर ते अपुरं पडेल, कारण इकडेही सगळं एकसारखं नाही. तू अजून महिनाभर आजीकडे आहेस, तर एक काम कर. आजी कुणाला किती आग्रह करते ते बघ. समोरच्या बेन जैन आहेत. त्या सूर्य मावळल्यावर आल्या तर आजी त्यांना खायला विचारतसुद्धा नाही, आणि दिवसा काही पाठवायचं असेल तर त्यात कांदा, लसूण, बटाटा घालत नाही. पोलकी शिवणारे चाचा रमजानमध्ये माप घ्यायला आले तर त्यांच्यासमोर ती चहाचं नावही काढत नाही, पण ईदच्या दिवशी त्यांच्याकडची शीरखुर्म्याची वाटी आली की ती कधी रिकामी परत जात नाही. घरकामाला येणाऱ्या मावशींना मात्र ती एकदाही विचारत नाही, सरळ ताट वाढून देते, कारण विचारलं तर त्या संकोचाने नकोच म्हणतील. एकच बाई, आणि चार जणांशी चार तऱ्हा. तुला ते दुटप्पी वाटेल. मला वाटतं, माणसाशी बोलणं म्हणजे हेच. समोरच्या घरची रीत काय, हे आधी बघायचं आणि मग तोंड उघडायचं.

आजीला हे कुणी वर्गात बसवून शिकवलं नाही. बडोद्याने शिकवलं. ह्या गावात मराठी माणसं गायकवाडांबरोबर आली, अठराव्या शतकात. राज्य मराठ्यांचं, पण आजूबाजूची प्रजा गुजराती. अशा वेळी राज्य करणारा स्वतःचीच भाषा सगळ्यांवर लादतो, जगात असं पुष्कळदा झालं आहे. सयाजीराव महाराजांची गोष्ट मी तुला मागे थोडी सांगितली होती. नाशिककडच्या कवळाणे गावातला शेतकरी घरातला मुलगा, नाव गोपाळराव. १८७५ साली तो दत्तक आला तेव्हा बरोबर तुझ्याएवढा होता, बारा वर्षांचा. राजवाड्यात आल्यावर त्याला मराठी तर शिकवलीच, पण गुजराती, उर्दू आणि इंग्रजीही शिकवली. ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांचं बोलणं कळलं पाहिजे, म्हणून. पुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आधी १८९३ मध्ये अमरेलीकडे आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात, आणि शाळा गुजरातीही होत्या, मराठीही होत्या, उर्दूही होत्या. १९३१ साली तर राज्याने कारभारातल्या शब्दांचा एक मोठा कोश छापला. त्यात एकेका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे शब्द दिलेले आहेत. एका कचेरीतल्या माणसाचं लिहिलेलं दुसऱ्याला नीट कळावं म्हणून केवढी मेहनत! मला त्या कोशाचं फार कौतुक वाटतं.

आजोबांना सांग, संध्याकाळी तुला जुम्मादादा व्यायाम मंदिरात घेऊन जा म्हणावं. दांडिया बाजारातच आहे. जुम्मादादा मुसलमान उस्ताद, आणि त्यांचा पट्टशिष्य माणिकराव मराठी हिंदू. माणिकराव पुढे स्वतः मोठे नावाजले, ‘राजरत्न’ पदवी मिळाली, पण पाटीवर नाव गुरूचं.

अजून एक गोष्ट, ही तुला नक्की आवडेल. हॉलंडमध्ये कात्वैकच्या समुद्रावर गेलो होतो तेव्हा वाळूच्या टेकड्यांमध्ये ते सूफी मंदिर पाहिलं होतंस ना? ते ज्यांच्या अनुयायांनी बांधलं ते गवई आणि सूफी गुरू इनायत खान बडोद्याचे! १८८२ मध्ये तिथेच जन्मले. त्यांच्या आईचे वडील मौलाबक्ष, ज्यांनी सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६ मध्ये बडोद्यात संगीत शाळा सुरू केली. इनायत खान १९१० मध्ये वीणा घेऊन अमेरिकेला गेले, मग युरोपात राहिले. ऐकणाऱ्यांना राग म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. ते त्यांच्याशी इंग्रजीत बोलले आणि गायले मात्र आपलंच. तू शाळेत बडोद्याबद्दल सांगणार असशील तर हे जरूर सांग, तुझ्या शिक्षिकेलाही नवीन असेल.

तू मोठी होऊन नोकरी करशील तेव्हा हे सगळं रोज लागेल, म्हणून माझ्या ऑफिसातलंही सांगते. आमच्याकडे डच माणूस मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणतो, हे मला पटलं नाही, आणि बाहेर आल्यावर त्याच माणसाबरोबर हसत डबा खातो. भारतातून नवीन आलेल्या मुलाला वाटतं, आपला अपमान झाला, आणि तो दोन दिवस गप्प बसतो. उलट, त्या मुलाला विचारलं की शुक्रवारपर्यंत होईल का, तो हो म्हणतो. त्याच्या मनात असतं, तुमचं म्हणणं ऐकलं, प्रयत्न करतो. डच माणूस शुक्रवारी कामाची वाट बघत बसतो. कुणीच वाईट नाही, पण दोघेही चिडलेले. मी आता ‘होईल का’ असं विचारतच नाही. ‘कुठे अडेल असं वाटतं?’ असं विचारते. मग ज्याला सरळ नाही म्हणणं जड जातं त्यालाही खरी अडचण सांगायला जागा मिळते. आणि डच सहकाऱ्याला जे सांगायचं ते मी आडून सुचवत नाही, सरळ सांगते. त्याला सूचक बोलणं कळत नाही, आणि ते कळावं अशी अपेक्षा ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

एडवर्ड हॉल नावाचे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९७०च्या दशकात मांडलं की काही समाजांत बरंचसं म्हणणं शब्दांबाहेर असतं, म्हणजे नात्यात, वेळेत, गप्प बसण्यात. आणि काही समाजांत ते जवळजवळ सगळं शब्दांतच असतं. मला हे उपयोगी वाटतं, पण जपून वापरायचं. तुझी ती डच मैत्रीण किती लाजरी आहे! आणि माझी मोठी मावशी, जन्मभर दांडिया बाजारात राहिलेली, कुणालाही तोंडावर सांगते की तुझा चिवडा खवट झालाय. देशावरून माणूस ओळखायला गेलं की ह्या दोघी हातून सुटतात. म्हणून माहिती असावी, पण समोर माणूस आला की त्याच्याकडेच बघावं, आणि कळलं नाही तर विचारावं, ‘आमच्याकडे असं करतात, तुमच्याकडे कसं?’ ह्या प्रश्नाचा राग आलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही. बहुतेकांना सांगायला आवडतंच.

आता तुझा दुसरा प्रश्न, जो मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. आजीने त्यांचं ऐकलं का नाही? चहाच्या बाबतीत ठीक आहे, तिथे दोघांना नियम माहीत होते. पण आपला आग्रह कधी कधी थांबायचं विसरतो. मधुमेह असलेल्या माणसाला ‘एकाने काय होतंय’ म्हणून जिलबी वाढतात. पोट भरलेल्या मुलाला वाटीभर आमरस आणखी. ज्याचा नकार खरा आहे त्याला तो तीन-तीनदा सिद्ध करायला लावणं चूक आहे, आणि हे आपल्या माणसांना मी स्पष्ट सांगते. तुझ्या शाळेने शिकवलेलं इथे बरोबर आहे आणि ते बडोद्यात आलीस म्हणून सोडायचं नाही.

जेवताना खरंच नको असेल तर ताटावर हात आडवा धर आणि म्हण, ‘आजी, फार छान झालंय, पोट भरलं, उरलेलं रात्री मला ठेव.’ नुसतं ‘नको’ तिला पहिला नकार वाटेल. आडवा हात आणि रात्रीचा वायदा तिला लगेच कळेल.

आणि कुणी गाल ओढले, मांडीवर ये म्हणून खेचलं, पापा दे म्हटलं आणि तुला ते नको असेल, तर तिथे एकदा म्हटलेलं ‘नको’ पुरे. तिथे रीत-बीत काही नाही. समोरचं माणूस कितीही मोठं असो, तू उद्धट ठरणार नाहीस, आणि कुणी तसं म्हटलंच तर माझं नाव सांग. मी आजीशी काल रात्री ह्यावर बोलले. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, आमच्या वेळी आम्हालाही नको वाटायचं, पण विचारतंय कोण. तिला पटलं आहे.

रविवारी तुमच्या दुपारी दोनला फोन करते, तेव्हा आमचे साडेदहा वाजलेले असतील. समोरच्या बेनना माझा जयजिनेंद्र सांग.

तुझी,
आई