काठची झाडं तुटली, तर पाणकिड्यांवर काय परिणाम होतो?

प्रश्न : आमच्या गावच्या ओढ्याकाठच्या बाभळी आणि करंज पुढच्या उन्हाळ्यात तुटणार आहेत. त्याचा पाणकिड्यांवर होणारा परिणाम एम.एस्सी.च्या प्रकल्पात अभ्यासायचा आहे. तोड झाल्यावर तिथले पाच आणि वरच्या अंगाचे पाच नमुने पुरतील का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : नाही पुरणार. एका ओढ्यातले पाच नमुने म्हणजे पाच ओढे नव्हेत, आणि त्या दोन जागा तोडीआधीही वेगळ्या असू शकतात. म्हणून पहिले नमुने यंदाच, ओढा वाहता असताना घ्या; पुढच्या वर्षी त्याच महिन्यांत, त्याच जागी पुन्हा घ्या. तोड न होणारे दोन-तीन ओढे जोडीला ठेवा. जेसीबीने खोलीकरण झालेला ओढा आणि बंधाऱ्यामागचं तुंबलेलं पाणी मात्र टाळा. तिथला फरक झाडांमुळे पडला की खोदाईमुळे, हे सांगता येणार नाही. मोठा पूर आला तर निदान दोन आठवडे थांबा.

सर्बर जाळी (तळावर टेकवायची चौकट आणि तिच्यामागे पिशवीसारखी जाळी) वापरा : चौकट 30 × 30 सेंमी, जाळीची छिद्रं 0.5 मिमी. तोंड प्रवाहाकडे ठेवा, तुम्ही जाळीच्या मागे उभ्या राहा आणि खालून वर सरका. चौकटीतले दगड जाळीच्या तोंडाशी हाताने चोळा, मग तळ 5 सेंमीपर्यंत एक मिनिट ढवळा. आपल्या काळ्या मातीचा गाळ इथेच घात करतो. छिद्रं बुजली की पाणी उलटं फिरतं आणि किडे तोंडातून निसटतात. प्रत्येक नमुन्यानंतर जाळी बाहेरून पाणी मारून धुवा. नमुना 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, कारण ओल्या पाल्याने ते पातळ होतं; दुसऱ्या दिवशी बदला. जिवंत ठेवलात तर चतुराच्या अळ्या बाकीच्यांना खातील. कायरोनोमिड (डासांसारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माश्या) अळ्यांचा लाल रंग अल्कोहोलमध्ये उडतो, तेव्हा तो जागेवरच टिपून ठेवा.

निष्कर्ष काढताना एकूण संख्येवर विसंबू नका. सावली गेली की ऊन पडतं, दगडांवर शेवाळ वाढतं आणि ते खाणारे किडेही वाढतात. उत्तर कॅलिफोर्नियातल्या ओढ्यांवरचा 1980 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच दाखवतो : काठापर्यंत तोड झालेल्या ठिकाणी कायरोनोमिड आणि बेटिस मेफ्लाय (ज्यांची पिल्लं पाण्यात वाढतात असे नाजूक पंखांचे कीटक) वाढले, पण विविधता घटली. जिथे 30 मीटर किंवा त्याहून रुंद झाडपट्टी राखली होती, तिथे असा परिणाम आढळला नाही. म्हणून कुळं वेगवेगळी मोजा आणि तोडीनंतर उरलेल्या पट्टीची रुंदी टेपने मोजा.

गळणाऱ्या पाल्याचं काय होतं हेही पाहायचं असेल, तर वाळवलेली करंजाची पानं 5 ग्रॅम घेऊन 10 मिमी आणि 0.5 मिमी जाळीच्या पिशव्यांत भरा आणि ओढ्यात ठेवा. मोठ्या छिद्रांतून किडे आत शिरतात, बारीक छिद्रांतून बहुतेक शिरत नाहीत. दोन्ही पिशव्यांत उरलेल्या पाल्याच्या वजनातला फरक म्हणजे किड्यांनी खाल्लेला वाटा. बाभळीची पानं नकोत, ती छिद्रांतूनच गळतात.

तापमापक छिद्रं पाडलेल्या पांढऱ्या पीव्हीसी नळीत बसवून पाण्याखाली बांधा. उघडा ठेवलात तर तोडलेल्या भागात ऊन थेट त्याच्यावर पडेल आणि पाणी आहे त्याहून गरम दाखवेल.