गेलेल्या कोचचं काय करायचं?

प्रिय बाळा,

तुझा निरोप परवा रात्री वाचला. दोन ओळींत भागणारा विषय नाही, म्हणून आज सवडीने लिहायला बसलोय.

गेल्या हंगामापर्यंत आपल्या फुटबॉल संघाचे कोच म्हणून बाकावर असलेले सर यंदा पलीकडच्या पेठेच्या संघाच्या बाकावर बसणार. लीगचं वेळापत्रक लागल्यापासून तालमीच्या कट्ट्यावर म्हणे दुसरा विषयच नाही. पोरांनी दोन गोष्टी ठरवल्यात. तालमीतल्या विजेत्या संघाच्या फोटोवर सरांच्या जागी कागद चिकटवायचा आणि शाहू स्टेडियमवर ते मैदानात आले की सगळ्या गॅलरीने ‘गद्दार’ म्हणून ओरडायचं. तू विचारतोस, मी यात असावं का? आणि शेवटी लिहितोस, ‘काका, त्यांचा रागही येतोय आणि त्यांच्याबद्दल कुणी वाईट बोललं की तेही सहन होत नाही. माझंच काही चुकतंय का?’

तुझं काही चुकत नाही. दोन्ही खरं आहे, दोन्ही राहू दे. ‘एक काय ते ठरव’ म्हणून तुझ्यामागं लागणारे भेटतील, त्यांच्या नादाला लागू नकोस. फक्त राग नेमका कशाचा येतोय ते नीट बघ, कारण तुझ्या एका रागात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्यात असं मला दिसतंय. सर गेले, हा एक राग. जाताना जे बोलले, तो दुसरा. आणि आता ते आपल्याला हरवतील, ही भीती तिसरी.

तू लंडनच्या चेल्सी क्लबचा चाहता, तेव्हा चेल्सीवरनंच सांगतो. ३० सप्टेंबर २०२५ च्या सामन्याची रात्र तुला आठवत असेल. आपल्याकडे साडेबाराला सामना सुरू झाला. चेल्सीचा जुना कोच जोझे मॉरिन्हो लिस्बनच्या बेन्फिकाचा कोच म्हणून स्टॅमफर्ड ब्रिजवर, म्हणजे चेल्सीच्या घरच्या मैदानावर आला होता. चेल्सीने १-० ने जिंकलं, पण दुसऱ्या दिवशी मला तू गोलाबद्दल काहीच बोलला नाहीस. घरच्या प्रेक्षकांनी मॉरिन्होच्या नावाचं गाणं म्हटलं आणि तुझ्या अंगावर काटा आला, एवढंच सांगत होतास. आता याच मैदानावरची मार्च २०१७ ची एफए कपची मॅच काढून बघ. तेव्हा तो मँचेस्टर युनायटेडचा कोच होता आणि याच प्रेक्षकांतून त्याला ‘ज्यूडास’ म्हणून हाका आल्या होत्या. ज्यूडास म्हणजे ज्याने येशूला पकडून दिलं तो. माणूस तोच आणि मैदानही तेच.

या माणसाने चेल्सीला काय दिलं, हे तुझ्या वयाच्या पोरांना आकड्यांतनंच कळणार. २००४ मध्ये तो आला तेव्हा चेल्सीने शेवटची लीग जिंकली होती १९५५ साली. पन्नास वर्षं! आज्याने पाहिलेलं नातवाला पाहायला मिळालं नव्हतं. पहिल्याच हंगामात ९५ गुण, आणि ३८ सामन्यांत अंगावर फक्त १५ गोल. पुढच्या वर्षी पुन्हा लीग. २००७ ला एफए कप जिंकला आणि त्याच सप्टेंबरात क्लबपासून वेगळा झाला. २०१३ ला परत आला, २०१५ ला तिसरी लीग दिली आणि त्याच डिसेंबरात त्याला काढलं. तेव्हा चेल्सी सोळाव्या नंबरवर होती.

आता मला जे सांगायचंय ते. २०१० मध्ये तो इंटर मिलान घेऊन याच मैदानावर आला आणि चेल्सीला चॅम्पियन्स लीगमधून, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेतून, बाहेर काढून गेला. इतकं मोठं नुकसान केलं, तरी त्याला कुणी ज्यूडास म्हटलं नाही. ती हाक आली तो मँचेस्टरला गेल्यावर. पुढे तो टॉटनहॅमला गेला तेव्हा तर लंडनमधल्या चेल्सीवाल्यांना ते फारच झोंबलं. मिलान लांब होतं, लिस्बनही लांब आहे. टॉटनहॅम त्याच शहरात. म्हणजे जाण्यापेक्षा तो कुठल्या दारात जाऊन उभा राहिला, यावर राग ठरला.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? आपला अनिकेत जाधव कोल्हापूर सोडून बाहेर गेला, २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारताकडून खेळला, तेव्हा सगळ्या पेठांनी त्याचे फलक लावले. त्याला कुणी गद्दार म्हटलं नाही. सर उद्या गोव्याला किंवा बंगालला गेले असते तर आपणच हार घेऊन स्टेशनवर गेलो असतो. ते चौक ओलांडून पलीकडे गेले, एवढंच घडलंय. पेठापेठांतली ईर्षा आपल्या फुटबॉलचा जीव आहे हे मला मान्य आहे. ती नसती तर एका लीग मॅचला स्टेडियम भरलं नसतं आणि हलगी वाजली नसती. पण ईर्षा संघाशी असते. मानधन घेऊन शिकवणाऱ्या माणसाने घर कसं चालवावं, कुठल्या पेठेचा निरोप घ्यावा, हे आपण ठरवायचं नाही. आणि एक ध्यानात ठेव, मॉरिन्होला तर चेल्सीने स्वतः काढलं होतं. काढलेल्या माणसाने पुढं कुठं नोकरी करावी हे काढणाऱ्याने कसं सांगावं? आपल्या सरांचा करार वाढवायला तालमीच्या बैठकीत कितीजण आग्रहाने उभे राहिले, ते एकदा जुन्या लोकांना विचार.

तेव्हा पहिला राग सोडून दे. तिसऱ्याचं उत्तर मैदानावर अकरा पोरं देतील. दुसरा राग मात्र धर. तो खरा आहे.

सर जाताना म्हणाले, ‘या पोरांकडून याच्यापेक्षा जास्त होणार नव्हतं.’ तू ते स्वतः ऐकलंस म्हणतोस. ज्या पोरांनी त्यांच्यासाठी पावसात, चिखलात अंग टाकलं त्यांच्याबद्दल असं बोलायला नको होतं. याचा राग आलाच पाहिजे, आणि ट्रॉफी कपाटात आहेत म्हणून तो गिळायचं कारण नाही. मॉरिन्होच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त खटकतं ते ऑगस्ट २०१५ मधलं. स्वान्सीविरुद्ध लीगचा पहिलाच सामना होता. चेल्सीचा हझार्ड मैदानात पडला, पंचांनी खूण केली आणि टीमच्या डॉक्टर एव्हा कार्नेरो आत धावल्या. डॉक्टरचं कामच ते. पण उपचार घेतलेल्या खेळाडूला थोडा वेळ बाहेर थांबावं लागतं, आणि चेल्सीचा गोली आधीच लाल कार्ड घेऊन गेला होता. संघात माणसं कमी पडली म्हणून मॉरिन्होने तिला सगळ्यांसमोर बोल लावले. पुढच्याच महिन्यात तिने क्लब सोडला. प्रकरण दाव्यापर्यंत गेलं आणि २०१६ च्या जूनमध्ये क्लबला तिची बिनशर्त माफी मागावी लागली. तीन लीग एका बाजूला ठेवल्या तरी ही गोष्ट हलकी होत नाही. तू चेल्सीचा आहेस म्हणून तर तुला ती ठाऊक असली पाहिजे.

आणि प्रेक्षकांचं काय चुकलं तेही सांगतो, कारण तुझ्या पोरांना याचीच जास्त गरज आहे. डिसेंबर २०१५ मध्ये लेस्टरकडून हरल्यावर मॉरिन्हो म्हणाला की आपल्या कामाचा विश्वासघात झाला. तीन दिवसांत तो गेला. त्याच आठवड्यात सुंदरलँडविरुद्ध घरच्या मैदानावर चेल्सीच्या लोकांनी त्याच्या नावाचा जयघोष केला आणि स्वतःच्याच फॅब्रिगास, कोस्टाची हुर्यो उडवली. खेळाडूंना उंदीर म्हणणारा फलकसुद्धा झळकला. गेलेल्या कोचवरच्या प्रेमापायी घरच्या पोरांना शिव्या! पुढच्या हंगामात आँतोनिओ काँते आला. हझार्ड तोच, कोस्टा तोच, फॅब्रिगासही तोच. त्यांनी ९३ गुण मिळवून लीग जिंकली. फलक धरणाऱ्यांतले कितीतरी त्या मे महिन्यात त्याच पोरांसाठी नाचले असतील.

प्रेमही असं आंधळं होतं. आपल्याकडे ते आत्ताच सुरू झालंय, तुला दिसत नाही एवढंच. परवाच्या सराव सामन्यात आपला नवा कोच बदली खेळाडू उतरवत होता, तेव्हा मागनं कुणीतरी ओरडलं, ‘सर असते तर हा बदल केला नसता!’ तोच आवाज लीगच्या सामन्यात ‘गद्दार’ ओरडणार आहे, हे तुला पैजेवर सांगतो. या दोन ओरडण्यांत सगळ्यात जास्त कोण भरडलं जातंय? तो नवा माणूस. २००७ ला मॉरिन्हो गेल्यावर आव्राम ग्रँट आला होता. त्याने २००८ मध्ये चेल्सीला मॉस्कोत चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. पेनल्टी मारताना कर्णधार टेरीचा पाय घसरला नसता तर तिथेच कप आला असता. तरी लोकांनी त्याला आपलं म्हटलं नाही, आणि तो सामना झाल्यावर काही दिवसांत क्लबने त्याला घरी पाठवलं. आपल्या नव्या कोचने पेठेत पाऊल ठेवून चार महिने झाले नाहीत. त्याच्या मागं आपण कुणाची सावली उभी करतोय याचा विचार तुमच्या गॅलरीने करायचाय.

मॉरिन्होही काही कमी हट्टी नाही. तो मँचेस्टर युनायटेडचा कोच असताना २०१८ च्या ऑक्टोबरात चेल्सीशी २-२ बरोबरी झाली, शेवटच्या मिनिटांत चेल्सीच्या एका साहाय्यक कोचने त्याच्या तोंडासमोर जल्लोष केला. तो भडकला आणि जाताना त्याने चेल्सीच्या प्रेक्षकांना तीन बोटं दाखवली. तीन बोटं म्हणजे तीन लीग. हिशेब त्याचा बरोबर आहे. पण दिलेलं असं बोटांवर मोजून दाखवलं की समोरच्याच्या मनात कृतज्ञता कमीच होते. आपले सर असं करणार नाहीत अशी माझी आशा आहे. केलंच, तर तुम्ही तुमचं वागणं त्यांच्यावर अवलंबून ठेवू नका.

आता फोटोचं. कागद चिकटवू देऊ नकोस. तो फोटो तू जवळ जाऊन बघ. सर उजव्या टोकाला उभे आहेत आणि त्यांचा डावा हात आपल्या गोलीच्या खांद्यावर आहे. गोलीच्या गुडघ्याला क्रेप बँडेज आहे, त्याची पिन निघून टोक खाली लोंबतंय. उपांत्य सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तो खेळणार की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. गांधी मैदानावर अंधार पडेपर्यंत सर त्याला हाताने एकेक बॉल टाकत होते, आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग जमिनीलगत. पोरगं प्रत्येक वेळी उठताना तोंड वाकडं करतंय का, ते बघत होते. मग म्हणाले, ‘खेळशील.’ त्या हातावर कागद लावायचा तर तो आपल्या गोलीच्या खांद्यावरही लागणार. जिंकलेलं वर्ष सगळ्यांचं आहे, त्यातलं कुणाला कापता येत नाही.

आणि घोषणेचं. शाहू स्टेडियमवर घोषणा एकाची राहत नाही. इकडनं एक शब्द गेला की पलीकडच्या गॅलरीतनं दुसरा येतो, मग पाण्याची बाटली येते, मग दगड. हुल्लडबाजीमुळे सामने थांबलेले, स्टेडियमबाहेर पोलिसांची गाडी लागलेली आणि कॉलेजच्या पोरांवर गुन्हे दाखल झालेले आपल्या गावाने पाहिलेत. नोकरीच्या वेळी चारित्र्य प्रमाणपत्र काढायला गेल्यावर ते किती महागात पडतं, हे त्या पोरांच्या आईबापांना विचार. तू गॅलरीतला पुढचा माणूस आहेस, हलगीवाला तुझ्याकडे बघून ठेका धरतो. तेव्हा तू गप्प राहिलास तरी ते संमती दिल्यासारखंच होईल.

मला विचारशील तर असं करा. सर आत आले की ज्याला टाळी वाजवायचीय त्याने वाजवावी, ज्याला नाही त्याने हाताची घडी घालून बसावं. दोघांनी एकमेकांना काही म्हणू नये. शिट्टी झाली की पुढची नव्वद मिनिटं फक्त आपल्या पोरांची नावं घ्यायची, आणि त्यात नव्या कोचचं नाव आलंच पाहिजे. सरांच्या संघाने गोल केला तर पोटात कालवेल. कालवू दे. सामना संपल्यावर तुला सरांशी बोलायचं असेल तर जा, नमस्कार कर आणि ‘तुम्ही आमच्या पोरांबद्दल जे बोललात ते आम्हाला लागलं’ असं तोंडावर सांग. गर्दीत ओरडण्यापेक्षा हे अवघड आहे, पण तुला जमेल. ते काय उत्तर देतात ते मलाही ऐकायचंय.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला सगळ्या पोरांना तालमीत बोलाव. मी येतो. गोलीलाही बोलाव, त्या संध्याकाळचं पोरांना त्याच्याच तोंडून ऐकू दे. नव्या कोचना मी स्वतः फोन करतो. लीगआधी त्यांनी एकदा गॅलरीतल्या पोरांसोबत चहा प्यायला हवा, तालमीत अजून कुणी त्यांना ते म्हटलेलंच नाही.

तुझा,
काका