भाऊंना विचारा

प्रश्न : भाऊ, पोरगा पहाटे उठून अमेरिकेचं बेसबॉल पाहतो. त्याचा संघ सारखा हरतो आहे. अर्ध्या हंगामात खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकायचे म्हणे! मग आधी कोणाला काढावं?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : ज्याचा करार यंदाच संपतो आहे, त्याला. हंगाम संपला की तो तसाही मोकळा होणार. जुलैअखेरीच्या सुमारास असलेल्या सौद्यांच्या मुदतीआधी दिला तर बदल्यात एखादा होतकरू पोरगा तरी पदरात पडतो. केळीचा घड तयार झाला की गाडी दारात असतानाच कापावा, हे रावेरवाल्यांना मी काय सांगू!

करार शिल्लक असलेल्या तरुणाची मात्र घाई नको. २०२४ साली शिकागो व्हाइट सॉक्स तब्बल १२१ सामने हरले. त्यांनी छत्तिशीतला टॉमी फॅम जुलैत दिला, पण डावखुरा गोलंदाज, तिकडच्या भाषेत पिचर, गॅरेट क्रोशे ठेवला. डिसेंबरात बोस्टननं त्याच्यासाठी चार तरुण खेळाडू मोजले. मला तो सौदा फार आवडला.

आणि हो, दहा वर्षं मोठ्या लीगमध्ये काढलेला आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात असलेला खेळाडू सरळ 'जात नाही' म्हणू शकतो. मालकाचं तिथं काही चालत नाही.