सर, खातं बंद करण्याआधी पोच घ्या

सर, तुमचं दुखणं दोनदा वाचलं. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या बँकेच्या शाखेत ३१ वर्षांचं खातं, पेन्शन तिथंच. केवायसीची (ओळख-पत्त्याच्या पडताळणीची) कागदं दोनदा दिली तरी पैसे काढणं बंद. त्यात विम्याचा हप्ता परत गेला आणि बँकेनं वर दंडही कापला. चार हेलपाटे झाले, साहेब कधी मीटिंगला तर कधी सिस्टीम डाऊन. आता तुम्ही विचारताय, खातं बंद करून गल्लीतल्या पतसंस्थेत जाऊ का?

मी ३३ वर्षं बँकेत नोकरी केली (तुमच्या नव्हे, दुसऱ्या), त्यातली निम्मी काउंटरवर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कडू ते सांगतो. ‘मी इतक्या वर्षांचा ग्राहक’ असं म्हणून आता काउंटरवर काही हलत नाही. आमच्या वेळी लेजर होतं. माणूस दारातून आत आला की त्याचं पान डोळ्यासमोर यायचं. गुळाच्या सौद्यानंतर कुठला अडत्या किती वाजता भरणा घेऊन येणार हेसुद्धा ठाऊक असायचं. आताची पोरगी वर्षभरापूर्वी बदलून आलेली असते, अजून वर्षा-दोन वर्षांनी जाणार असते आणि तिच्या डोक्यावर विमा पॉलिसी विकायचं टार्गेट असतं. तिच्यावर आवाज चढवून फक्त आपला बीपी वाढतो. शिवाय तिनं घेतलेली कागदं बऱ्याच बँकांत स्कॅन होऊन दुसऱ्याच गावच्या केंद्राकडं जातात. तिथला माणूस ‘फोटो अस्पष्ट’, ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून ती परत पाठवतो, आणि तो शेरा शाखेत कुणी उघडून बघत नाही. तुमची कागदं दोनदा गेली ती माझ्या अंदाजानं अशीच. त्यामुळं ‘कागदं मिळाली का’ असं विचारू नका. ‘कुठल्या तारखेला अपलोड केली, आणि परत आली असतील तर शेरा काय आहे’ असं विचारा.

माझी स्वतःची फजिती सांगतो. निवृत्तीनंतर आईच्या ठेवीवरचा कर कापू नये म्हणून एका बँकेत १५ एच फॉर्म दिला. ओळखीचे लोक, ‘राहू द्या साहेब, ठेवून जा’ म्हणाले. मीही ठेवून आलो. पोच मागायची लाज वाटली, आपणच बँकवाले ना! मार्चमध्ये बघतो तर टीडीएस कापलेला आणि फॉर्म कुणाला सापडेना. सरकारकडं भरलेला कर बँक परत देत नाही, म्हणून ८१ वर्षांच्या आईचं रिटर्न भरून परतावा घ्यावा लागला. जन्मभर दुसऱ्यांना पोच फाडून देणारा माणूस स्वतः पोच न घेता घरी आला होता.

आता तुमच्या खात्याचं. पत्ता, नाव काही बदललं नसेल तर केवायसी नव्यानं करायला ‘बदल नाही’ एवढं स्वतःच्या सहीचं निवेदन पुरतं. ते त्या बँकेच्या कुठल्याही शाखेत देता येतं. लक्ष्मीपुरीत दाद देत नसतील तर राजारामपुरीच्या किंवा ताराबाई पार्कच्या शाखेत द्या. दुसरं म्हणजे, रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये नियम कडक केलेत. केवायसीची मुदत संपण्याआधी बँकेनं ग्राहकाला किमान तीनदा कळवायचं आणि त्यातलं एकदा तरी पत्रानं. मुदत उलटल्यावरही तसंच तीनदा. बँकांना हे अमलात आणायला १ जानेवारी २०२६ पर्यंत वेळ दिला होता. तुम्हाला पत्र आलं नसेल तर अर्जात सरळ विचारा: पत्र कुठल्या तारखेला, कुठल्या पत्त्यावर पाठवलं? या एका प्रश्नानं शाखेत फाईल उघडते, हे मी आतून पाहिलंय.

अर्ज एका पानाचाच करा. ३१ वर्षांचा इतिहास, अपमान, कोण काय बोललं, यातलं काही नको. (माझ्याकडं आठ-आठ पानांचे अर्ज यायचे. खरं सांगतो, दुसरं पान मी वाचत नसे.) खाते क्रमांक, कागदं दिल्याच्या दोन्ही तारखा, हप्ता परत गेल्याची तारीख, कापलेला दंड रुपयांत, आणि मागणी दोनच: खातं चालू करा, दंड परत जमा करा. विमा कंपनीनं उशिराचा आकार लावला असेल तर तोही मागा, पावती जोडा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, सही, तारीख घ्या. शिक्का द्यायला खळखळ केली तर वाद घालू नका. समोरच्या पोस्टातून स्पीड पोस्टनं पाठवा आणि बँकेच्या तक्रारीच्या ईमेलवरही टाका. तिथनं येणारा तक्रार क्रमांक जपून ठेवा.

मग ३० दिवस थांबायचं. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. २०२१ च्या नोव्हेंबरपासून सगळ्या देशाला एकच योजना आहे, फी नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर करता येते, नाहीतर कागदावर लिहून चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्राला पाठवायची. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे, मराठीतही बोलतात. वकील लागत नाही, उलट वकिलामार्फत केलेली तक्रार घेतच नाहीत. आणि लोक इथंच चुकतात: रागाच्या भरात आधी लोकपालाकडं जातात. बँकेकडं लेखी तक्रार केलेली नसली की ती तशीच परत येते. ग्राहक आयोगात केस टाकली असेल तरी लोकपाल हात लावत नाही, तेव्हा दोन्ही एकदम करू नका.

पतसंस्थेचं म्हणाल, तर तिथं ‘या सर, बसा’ म्हणून चहा मिळतो हे मला माहीत आहे, माझंही एक छोटं खातं आहे. पण बँकेतल्या ठेवीला असलेलं ५ लाखांचं विमा संरक्षण पतसंस्थेला नाही, आणि रिझर्व्ह बँकेचा लोकपालही नाही. तिथं गाऱ्हाणं न्यायचं ते सहकार खात्याच्या निबंधकाकडं. पेन्शनीचे पैसे तिथं हलवू नका. बँक बदलायचीच असेल तर दुसऱ्या बँकेत आधी खातं उघडा, कोषागारात पेन्शन वळवायचा अर्ज द्या, विम्याचा हप्ता आणि गॅसची सबसिडी तिकडं न्या, एक महिना सगळं नीट जमा होतंय बघा, जुन्या खात्याचा उतारा काढून घ्या. मग बंद करा. आज गोठलेल्या खात्यात तर ते बंद करायचा अर्जही अडकून बसेल, म्हणून आधी ते चालू करून घ्या.

तुमचं वय सत्तरच्या पुढं असेल तर घरी येऊन केवायसी आणि रोख पोचवायची सोय बँकांनी द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगितलंय. मिळते का ते शाखेवर अवलंबून, पण अर्जात एक ओळ टाका.

येत्या शनिवारी जाऊ नका, दुसरा आहे, बँक बंद. सोमवारीही गर्दी असते. मंगळवारी अकराच्या आत जा, आणि शिक्का मारलेली प्रत मिळाली की इथं कळवा, पुढचा मसुदा मी लिहून देतो.