आजीबाई माप सांगत नाहीत तेव्हा

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद. इटलीत बोलोन्यातल्या ज्या घरी राहतेस तिथल्या आजीबाई पास्ता करताना कशाचंच माप सांगत नाहीत, ही तुझी तक्रार वाचली. सांगतील कशा? जन्मात कधी माप घेतलेलंच नाही त्यांनी. तेव्हा विचारत बसू नकोस. पिठाचा डबा आधी तोल, त्यांनी पीठ घेतलं की पुन्हा तोल. 100 ग्रॅम पिठाला एक अंडं हा तिकडचा ठोकताळा खरा, पण अंडी लहानमोठी असतात आणि हवा रोज सारखी नसते. म्हणून मळताना त्या वरून जे चिमूटभर पीठ भुरभुरतात, ते वहीत यायला हवं. मळलेला गोळा अर्धा तास झाकून का ठेवतात, हे एकदा तसा न ठेवता लगेच लाटून बघ. पारी आखडून मागे येते.

यंत्राच्या नादी इतक्यात लागू नकोस. लाकडी पाट आणि ते लांबलचक लाटणं, एवढंच. लाकडावर लाटलेली पारी किंचित खरखरीत राहते, म्हणून रागू (तिकडचा खिम्याचा दाट रस्सा) तिला धरून राहतो. गुळगुळीत ओट्यावर ते साधत नाही.

तिथे ‘अस्सल’ काय यावर वाद घालणारे खूप भेटतील. ऐकून घे, सोडून दे. 1972 मध्ये बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे ताल्यातेल्लेची, म्हणजे पास्त्याच्या लांब चपट्या पट्ट्यांची, रुंदी चक्क नोंदवली गेली: शिजल्यावर 8 मिलिमीटर, म्हणजे तिथल्याच असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग! (आजीबाईंना हे सांग आणि त्यांचा चेहरा बघ.) रागूची कृती 1982 मध्ये नोंदवली, ती 2023 मध्ये सुधारावी लागली. कागदावरची कृतीसुद्धा चाळीसएक वर्षांत बदलते, मग घरातली तशीच कशी राहील?

आर्तुसीचं उदाहरण तर फारच बोलकं. या गृहस्थाने 1891 मध्ये स्वखर्चाने पाककृतींचं पुस्तक काढलं. त्यात 475 कृती होत्या. मग ठिकठिकाणच्या गृहिणी त्याला पत्रं लिहून आपापल्या कृती कळवू लागल्या, आणि पुढच्या आवृत्त्यांत आकडा 790 वर गेला. म्हणजे घरातलं पुस्तकात गेलं आणि पुस्तकातलं नव्या घरांत उतरलं. आजीबाईंची ‘पणजीपासूनची’ कृती यातूनही आलेली असू शकते. त्यात कमीपणा काहीच नाही.

म्हणून त्यांना दोन प्रश्न विचार. हे कुणाकडून शिकलात? आणि तुम्ही स्वतः त्यात काय बदललंत? दुसरा जास्त महत्त्वाचा. तो सहसा कुणी विचारत नाही. नाताळासाठी तोर्तेल्लिनी (सारण भरलेला छोटा पास्ता) भरायला सगळं घर बसेल तेव्हा विचार. हात गुंतलेले असले की माणसं मोकळी बोलतात. सारणात मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं सॉसेज) किती, यावरून सासू-सुनेची जुंपली तर दोन्ही बाजू लिहून घे, निवाडा करू नकोस.

डिसेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या बैठकीत इटालियन स्वयंपाक युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. आपली दिवाळीही तिथेच गेली. छान झालं. पण यादीत नाव गेलं म्हणून नातवंडं लाटणं हातात घेत नाहीत. तू घेतलंयस, तर रोज लाट.

सुरुवातीला पारी फाटेल. फेकू नकोस. वेडेवाकडे तुकडे कापले की त्यांना माल्ताल्याती म्हणतात आणि ते घेवड्याच्या सूपमध्ये घालतात. त्या सूपची कृतीही विचारून घे, आणि मला कळव.