वजन उतरवायच्या आधी टोमणे थांबवा

तुमचा प्रश्न वाचला. आठवीतल्या भाचीचं वजन वर्षभरात बरंच वाढलंय, ती गप्प गप्प असते, आणि लठ्ठ मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार जास्त येतात असं तुमच्या वाचनात आलं, म्हणून तिला आता डाएटवर टाकावं का असं विचारताय. मी फोंड्याकडे हायर सेकंडरीत शिकवते, डॉक्टर नाही, पण या वयाची मुलं रोज समोर असतात आणि या विषयावर मिळेल ते वाचत असते. तुमची काळजी रास्त आहे, फक्त सुरुवात डाएटने करू नका प्लीज.

संबंध आहे हे खरं, पण तो कुठून येतो ते बघा. अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांचा २००१ साली मोठा सर्व्हे झाला होता, त्याचं विश्लेषण २००५ मध्ये छापून आलं. त्यात दिसलं की काट्यावर वजन किती भरतं त्यापेक्षा मुलाला स्वतःला आपण किती जाड वाटतो याचा आत्महत्येच्या विचारांशी जास्त संबंध आहे, आणि आपण फारच बारीक आहोत असं वाटणाऱ्या मुलांमध्येही तेच, म्हणजे वर्गात ज्याला सगळे सुकट म्हणून हाक मारतात त्या मुलाकडेही लक्ष द्यायला हवं. त्याआधी २००३ साली अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यातल्या ४,७४६ शाळकरी मुलांचा अभ्यास आला होता, वजनावरून चिडवण्याबद्दल. ज्यांना चिडवलं जायचं त्यांच्यात नैराश्य आणि आत्महत्येचे विचार जास्त होते, मग त्यांचं खरं वजन काहीही असो, आणि ज्यांना शाळेतही चिडवतात आणि घरीही चिडवतात त्यांची अवस्था सगळ्यात वाईट.

घरीही, हे नीट वाचा. आपल्याकडे गोव्यात चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळं गोत जमतं, मुलगी नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट घेऊन बाहेर येते आणि कोणीतरी काकी गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखालीच सगळ्यांसमोर म्हणते, "काय गो, केवढी सुटलीस, कमी खा जरा!" सगळे हसतात, मुलगीही हसते, आणि मग दिवसभर ओढणी पोटावर ओढून कोपऱ्यात बसते. काकीच्या मनात काही वाईट नसतं हो, पण पोरगी ते विसरत नाही. शाळेत आरोग्य तपासणीला काट्यावर उभं करून आकडा मोठ्याने वाचून दाखवतात तेव्हा रांगेतल्या मुलींचे चेहरे मी बघितलेत, काहीजणी त्या दिवशी शाळेलाच येत नाहीत.

गोव्यातलंच सांगायचं तर १६ ते २४ वयाच्या ३,६६२ मुलामुलींचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात १४४ जणांनी म्हणजे ३.९ टक्क्यांनी गेल्या तीन महिन्यांत आत्महत्येशी संबंधित विचार किंवा वागणूक सांगितली होती. तो वजनाबद्दल नव्हता, पण त्यात ठळक दिसलं ते हे की घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार आणि मनावरचा ताण यांचा याच्याशी घट्ट संबंध आहे. म्हणून भाची गप्प असण्यामागे दुसरंच काही असू शकतं, आणि उलटही होतं, म्हणजे मन आधी खचतं आणि मग झोप बिघडते, खाणं वाढतं, वजन त्यानंतर येतं. सगळं वजनाच्या माथी मारून मोकळे होऊ नका.

तर माझं म्हणणं असं की आधी घरात सगळ्यांना बजावा, तिच्या शरीराबद्दल एक शब्द नाही, कौतुकानेही "बारीक झालीस" नको. मग तिला एकटीला गाठा, मामा म्हणून, गाडीतून कुठे जाताना वगैरे, आणि सरळ विचारा की शाळेत कोण त्रास देतं का, जगणं नकोसं वाटतं का, मरून जावंसं वाटतं का. विचारल्याने डोक्यात तो विचार घुसतो ही भीती चुकीची आहे, तसं होत नाही, उलट बऱ्याच मुलांना कोणीतरी विचारलं याने हायसं वाटतं. ती हो म्हणाली तर भाषण देऊ नका, "आमचं काय होईल" असंही म्हणू नका, ऐकून घ्या, तिला एकटी सोडू नका आणि तिच्या आईला सोबत घेऊन त्याच दिवशी बांबोळीला जा, आयपीएचबीत म्हणजे तिथल्या सरकारी मानसोपचार इस्पितळात, किंवा गोमेकॉच्या म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत. रात्री-अपरात्री टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आणि चोवीस तास, तुम्ही स्वतःसुद्धा फोन करून काय करू ते विचारू शकता.

वजनाचं बघायचंच तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या, थायरॉईड, पीसीओडी (पाळीचा आणि हार्मोन्सचा त्रास) असं काही आहे का ते कळेल. या वयात मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तसाच लावत नाहीत, वय आणि मुलगा की मुलगी हे बघून तक्ता असतो, त्यामुळे मोबाईलवर हिशोब करून घाबरू नका. आणि तिला नेण्याआधी डॉक्टरांना फोन करून सांगून ठेवा की वजनाचा आकडा तिच्यासमोर मोठ्याने बोलू नका.